दोन बहिणी आणि बोडका

तो नकाशा सूला डोळे मिटूनही वाचता आला असता. नव्या बागान गावातल्या ज्या हॉटेलात ती पाहुण्यांच्या स्वागताला बसायची, तिथं टेबलावर या नकाशांची चळतच असे. पाहुणा आला की वरचा एक ओढायचा, त्याच्याकडं तोंड करून पसरायचा आणि निळ्या पेनानं गोल मारत सुटायचं. हे आनंद देऊळ, इथं जेवा, इथून सूर्यास्त बघा, इथं दुपारी अनवाणी जाऊ नका, पाय पोळतील. सात वर्षांत किती माणसांना तिनं असं मार्गी लावलं असेल याची मोजदाद नव्हती. एकही चुकला म्हणून परत आला नव्हता.

आणि आज सख्ख्या आईला घेऊन ती सकाळपासून त्याच नकाशात भरकटली होती.

‘आता डाव्या हाताला काय आहे?’ घोडागाडीत मागं पाय सोडून बसलेल्या तिच्या आईनं, दॉ पान योननं विचारलं. बोलताना तिनं मान डावीकडं वळवली खरी, पण ती नुसती जुनी सवय. दोन्ही डोळ्यांत काचबिंदूनं आता उजेडापुरती फट ठेवली होती. समोर माणूस हलला तर सावली हलल्यासारखं कळायचं, बाकी सगळं कान आणि हात.

‘डाव्या हाताला एक हजार चारशे बारा,’ सू नकाशात बघून म्हणाली.

‘हे काय नाव झालं?’

‘नाव नाही अमे, नंबर. लहान देवळांना नंबरच असतात.’

‘तुरुंगात असतात तसे,’ गाडीवान ऊ चिट पुढून म्हणाला. ‘मा पान, आमच्या घोड्यालापण नंबर आहे बघा. त्याच्या ढुंगणावरच लिहिलाय.’

दॉ पान योन हसली. सूला बरं वाटलं. सकाळपासून अमे पहिल्यांदाच हसत होती. सूच्या छातीशी कापडात बांधलेली अडीच महिन्यांची लेक झोपेत चुळबुळली आणि पुन्हा निपचित झाली. तिला अजून नाव नव्हतं. शंभर दिवस व्हायचे होते. तोवर जो तो आपल्याला सुचेल त्या नावानं हाक मारायचा आणि सू मारायची ‘गोळा’.

गोळ्याच्या मनगटावर सासूनं सकाळी मंतरलेला दोरा बांधून दिला होता. ‘आईला ने,’ सासू म्हणाली होती, ‘म्हातारीच्या मनात राहायला नको. पण पोरीला कशाला नेतेस त्या जागी?’ पोर अंगावर पिणारी, तिला ठेवायचं कुणाकडं? सासूनं मग दोऱ्याला सात गाठी मारल्या होत्या.

त्या जागेची गोष्ट सूला कळून चारच दिवस झाले होते.

यांगूनहून तिचा थोरला भाऊ कोको अमेला कायमचं न्यायला आला होता. सूचा नवरा बोटीवर, घरात सासू अंथरुणाला खिळायच्या बेतात, वर तान्हं पोर. आता अमेचं कोको बघेल असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. अमेनंही हूं की चूं केलं नाही. बोचकं बांधायला बसली, लाखेच्या डब्यात चहाची पानं भरून झाली, आणि हातातलं झाकण तसंच धरून एकदम म्हणाली, ‘तुझ्या बहिणीला मी तिथंच विसरून आले गं.’

एक बहीण होती आणि गेली, एवढं सूला ठाऊक होतं. कोकोच्याही आधीची. शुक्रवारी जन्मली आणि अकराव्या दिवशी तापानं गेली. नाव ठेवायचं राहिलं, म्हणून घरात तिचं नाव निघायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा घर जुन्या गावात होतं, देवळांच्या ऐन गर्दीत. मागल्या दारी विटांचा मोठा ढिगारा होता, कधीकाळचं देऊळच पडून झालेला, आणि त्याच्या पायथ्याशी चिंच. अमेनं तिला चिंचेखाली ठेवलं. रोज भात शिजला की मुठीएवढा गोळा तिकडं ठेवायचा आणि मग घरच्यांना वाढायचं. आठ वर्षं हे चाललं.

मग वरून हुकूम आला की गाव उठवायचं. मुदत आठवड्याची. अमेची आजी जुन्या वळणाची बाई. तिनं अमेला शिकवलेलं होतं की घर हलवताना घरातल्या मेलेल्यांनाही सांगून न्यायचं असतं. झाडाची डहाळी मोडायची, ‘चल, घरी जाऊ’ म्हणायचं, आणि डहाळी हातात धरून, वाटेत कुणाशी न बोलता नव्या घरी यायचं. नाहीतर जिवाचं फुलपाखरू तिथंच भिरभिरत राहतं. त्याला वाट ठाऊक नसते.

‘भांडी आणली,’ अमे सांगत होती. ‘मागाची लाकडं आणली. कोंबड्या आणल्या. तुझा कोको पाच वर्षांचा, तो रडत होता, त्याची मोडकी गाडीपण आणली. वेशीबाहेर पडले आणि आठवलं. गाडीवानाला म्हटलं, थांब, मागं वळव. तो म्हणाला, बाई, मागं साठ गाड्या आहेत, वळवू कुठं? खाली उडी मारायची होती. मारली नाही.’

पावसाळा सरल्यावर ती चालत आली तेव्हा घरं नव्हती, कुंपणं नव्हती, चिंचही नव्हती. पुढं सात-आठ वर्षांनी पुन्हा एकदा आली. तेव्हा तर मोडकी देवळंही नव्हती. जिथं तिथं नवी वीट, नवे कळस. ती तशीच परत फिरली आणि कुणाला बोलली नाही. विहाराच्या भंतेंना एकदा विचारलं, तर ते म्हणाले, पुण्य कुठूनही पोचतं, घरीच पाणी सोडत जा. ती सोडत गेली. ‘पुण्य पोचत असेल गं,’ ती सूला म्हणाली, ‘पण पोर कशी येणार? ती अकरा दिवसांची.’

उद्या सकाळी यांगूनची बस होती. म्हणून आजचा दिवस.

‘नंबर सोड,’ आता अमे म्हणाली. ‘तू मला दोन बहिणी शोधून दे. माझ्या चुलीपुढं बसलं की समोर दोन बहिणी दिसायच्या, आणि त्यांच्या मधल्या फटीतून बोडका.’

‘अमे, या नावाचं नकाशात काहीच नाही.’

‘नकाशा कुणी केला?’

‘मला काय माहीत!’

‘ज्यानं केला त्याला आमच्या गावात कुणी पोरगी दिली नसती,’ अमे म्हणाली. ‘बोडका ठाऊक नाही म्हणजे काय! कळस नव्हता त्याला. विजेनं उडवला होता, आजीच्याही आधी. वर नुसतं वडाचं रोप. लहानपणी आम्ही त्याला दगड मारायचो. मग बैल अडकलेलं देऊळ. मग वाकडी छत्री.’

सूनं आजूबाजूला पाहिलं. शेंगा काढून झालेल्या मोकळ्या शेतांत, बाभळींत, ताडांत, नजर जाईल तिथवर देवळं उभी होती. उन्हात भाजलेली, तांबडी, नीटनेटकी. प्रत्येकाला कळस. दोन ठिकाणी भूकंपात पडलेलं पुन्हा बांधायला बांबूच्या परांच्या. काटेसावरीची लाल फुलं वाटेवर पडली होती आणि घोडा ती चुकवत नव्हता.

‘अमे,’ ती जपून म्हणाली, ‘आता एकही बोडका उरला नाही. सगळ्यांना टोप्या घातल्यात.’

‘वाकडी छत्री?’

‘सरळ केली असणार.’

अमे म्हणाली, ‘सगळं मोडकं नीट केलं म्हण की.’

पुढं बसलेल्या ऊ चिटनं खाकरून घेतलं. तो पूर्वेकडच्या गावाचा. त्याला जुन्या गावातली घरं ठाऊक नव्हती, देवळं नंबरानं ठाऊक होती आणि त्याच्या घोड्याला फक्त थांबे. सकाळपासून घोडा प्रत्येक नामांकित देवळापुढं आपणहून थांबत होता, उतारू खाली उतरण्याची वाट बघत होता आणि कुणी उतरलं नाही की कान पाडून पुढं निघत होता. ‘त्याला वाटतंय, ही कसली खडूस गिऱ्हाइकं,’ ऊ चिट म्हणाला. ‘एक फोटो काढत नाहीत.’

‘ऊले, जुन्या बाजाराच्या विहिरीकडं घ्या,’ सू गाडीवानाला म्हणाली. विहीर मात्र नकाशात होती. शेजारी शौचालयाची खूण होती म्हणून असावी.

विहिरीपासून अमे म्हणाली तसं केलं. विहिरीकडं पाठ करायची, नदीचा वारा डाव्या गालावर घ्यायचा आणि चालायचं. सू पुढं, अमेचा हात तिच्या खांद्यावर. गाडीची वाट संपली, पाऊलवाट संपली. मग काटे. एका ठिकाणी अमे म्हणाली, इथं मा ट्वेचं घर. दुसऱ्या ठिकाणी म्हणाली, नाही, मा ट्वेचं घर इथं. तिसऱ्यांदा ती काही म्हणालीच नाही. सू नकाशात बघायची, देवळाच्या दारावरचा नंबर वाचायची, पुन्हा नकाशात बघायची. आपण कुठं उभ्या आहोत ते तिला बोटभर चूक न होता सांगता येत होतं. फक्त अमेचं घर कुठं होतं, ते सांगता येत नव्हतं.

अकरा वाजले. गोळा उठला आणि भोकाड पसरलं.

‘बस खाली,’ अमे म्हणाली. ‘आधी तिला पाज. मेलेली थांबेल.’

एका बाभळीखाली सावली होती. फांद्या इतक्या खाली आलेल्या की वाकूनच आत शिरावं लागलं. सू मातीत मांडी घालून बसली, पोरीला अंगावर घेतलं. अमे शेजारी टेकली. तिनं चंबूतलं पाणी स्वतः न पिता लेकीच्या तोंडाला लावलं, कारण पाजताना बाईला तहान लागते हे कळायला डोळे लागत नाहीत.

गोळ्याचं चुरूचुरू पिणं चाललं होतं. सूची पाठ भरून आली होती. उभी असताना ज्या फांद्यांनी समोरचं सगळं झाकलं होतं त्यांच्या खालून आता तिला लांबवर दिसत होतं. ती उगीच, अमेचं मन कशात तरी गुंतावं म्हणून बोलू लागली.

‘समोर दोन आहेत बघ अमे. सारख्या उंचीच्या, एकमेकींना खेटून. आणि मधल्या फटीतून...’ ती थांबली.

‘फटीतून काय?’

‘तिसरं दिसतंय. पण त्याला कळस आहे.’

‘कसा आहे कळस?’

‘चांगला आहे. नवा.’ सूनं डोळे बारीक केले. ‘खालचं देऊळ काळपट आहे. जुन्या विटांचं. वरचा भाग लाल. म्हणजे जिथं लाल सुरू होतं ना, तिथं सरळ रेघच आहे. कापून दुसरं डोकं बसवावं तशी.’

अमेचा हात मातीवर होता. त्या हाताची बोटं आवळली आणि मूठभर माती त्यात आली.

‘बोडक्याला डोकं लावलं,’ ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. ‘तू माझ्या चुलीपुढं बसली आहेस सू. मी पण अशीच मांडी घालून तिला पाजायची. म्हणून उभं राहून सापडत नव्हतं. उभं राहायला मला तिथं वेळ होता कुठं?’

ती उठली. आता तिला खांदा लागेना. वळून, सूकडं पाठ करून तिनं पावलं मोजायला सुरुवात केली. मागलं दार. पाणी भरायचे रांजण. चौदा, पंधरा. सू पोरीला तशीच अंगाशी धरून, कापड सावरत मागोमाग गेली. अठराव्या पावलाला अमेचे पुढं केलेले हात भिंतीला लागले.

विटांचा ढिगारा नव्हता. त्याच्या जागी छोटंसं, आटोपशीर देऊळ उभं होतं. दाराशी दानशूर कुटुंबाचं नाव असलेली फरशी, आत नवी मूर्ती, गळ्यात सुकलेला मोगऱ्याचा गजरा. सूच्या नकाशात त्याला नंबरही नव्हता. नुसता एक करडा ठिपका.

अमेनं भिंत चाचपली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, जोत्याच्या काठानं, वाकून, जिथं चिंचेचं खोड असायला हवं होतं तिथं. मग चपला काढून ती तिथंच खाली बसली.

‘इथं,’ ती म्हणाली. ‘हातभर इकडं किंवा तिकडं.’

पिशवीतून केळीच्या पानात बांधलेला भात काढून तिनं जोत्याशी ठेवला. चंबूतलं उरलेलं पाणी थेंबाथेंबानं मातीत सोडलं. ओठ हलत होते. जे पुण्य हातून घडलं असेल त्याचा वाटा तुला, तुला, तुला. सू मागं उभी होती. तिला रडू येत होतं, पण ते कुणासाठी ते नीटसं कळत नव्हतं.

चिंच नव्हती, तेव्हा अमेनं देवळालगतच्या कडुलिंबाची डहाळी हातानं शोधून घेतली. ती मोडताना आवाज झाला, कट्. अमे तशीच उभी राहिली. मग, वाड्यावस्त्यांत संध्याकाळी दारातून खेळत्या पोराला हाक मारतात ना, अगदी तशी, न ओरडता पण लांब जाईल अशी, हाक मारली.

‘शुक्रवारच्ये! चल गं, घरी जाऊ. उशीर झाला.’

त्याच वेळी गोळ्यानं स्तन सोडला. तोंड बाजूला वळवलं, डोळे मोठे केले आणि अमेच्या हातातल्या हिरव्या डहाळीकडं बघून ती हसली. अडीच महिन्यांचं पोर पानं हललेली बघून हसतं, त्यात काही नाही. दोरा बांधलेला चिमुकला हात तिनं त्या डहाळीकडं लांबवला.

सूनं विचार केला नाही. विचार करायला सवडच झाली नाही. पोरीचा हात झटकन कापडात दाबला, तिला छातीशी आवळलं आणि ती एक पाऊल मागं सरली. पायाखाली वाळका पाला होता. तो वाजला.

अमेनं मान वळवली. दिसत काहीच नव्हतं तिला. दिसायची गरज नव्हती.

बोलायचंच नव्हतं, डहाळी हातात असताना बोलायचं नसतं. सूला म्हणायचं होतं, अमे, तसं नाही, मला काटा लागला. म्हणायचं होतं, चल, आण तिला, माझ्या घरात ठेवू, मी रोज भात ठेवीन. तिनं तोंड उघडलंही. पण कापडातून गोळ्याचं ऊन-ऊन डोकं तिच्या गळ्याला लागत होतं, आणि तिनं तोंड पुन्हा मिटलं.

अमे किती वेळ उभी होती कोण जाणे. मग ती खाली बसली आणि डहाळी भाताशेजारी, जोत्याला लावून, आडवी ठेवली. झोळीत पोर ठेवतात तशी. पानं एका बाजूला सारखी केली.

‘निजलेल्या लेकराला इतक्या वर्षांनी उठवू नये,’ ती म्हणाली. ‘आणि मी तरी तिला ठेवणार कुठं? मीच उद्या दुसऱ्याच्या घरी. कोकोचं घर पाचव्या मजल्यावर आहे म्हणे.’

‘अमे, मी...’

‘तू काही केलं नाहीस.’ तिनं हात पुढं केला, सूच्या पायाला लागला, तिथूनच तिनं तो दोनदा थोपटला. ‘मी तुझ्या जागी असते तर पळत सुटले असते. आई आहेस ना तू.’

परत फिरताना बाभळीपाशी आल्यावर ती थांबली.

‘तो तुझा नकाशा आहे ना?’

‘आहे.’

‘त्यात ही जागा दाखव मला.’

सूनं नकाशा गुडघ्यावर पसरला, पेन काढलं. मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं पेन परत ठेवलं. गोळ्याच्या दुपट्याची टाचणपिन काढली, करड्या ठिपक्याच्या पायथ्याशी टोचली आणि कागदाच्या पलीकडून अंगठ्यानं जरा उचलून धरली. मग अमेचं बोट घेऊन त्यावर ठेवलं.

‘हे?’

‘हे.’

‘आणि तुझं घर?’

नवं बागान खाली कोपऱ्यात होतं. हॉटेलं होती, पैसे काढायचं यंत्र होतं, बस थांबा होता. सूची गल्ली नकाशाच्या चौकटीबाहेर जात होती. तिनं दुसरं भोक पांढऱ्या समासात पाडलं.

अमेनं एक बोट इथं आणि एक तिथं ठेवलं. दोन्हीमधलं अंतर वीतभरही नव्हतं.

‘जवळच आहे की,’ ती म्हणाली. नकाशाची घडी तिनं उलटीच घातली आणि चोळीच्या आत सरकवली.

परतीच्या वाटेवर घोडा सूर्यास्ताच्या टेकाडापाशी आपणहून थांबला. भर दुपार होती, टेकाडावर चिटपाखरू नव्हतं. ऊ चिट ओशाळून लगाम ओढू लागला. ‘अरे मूर्खा, सूर्य डोक्यावर आहे. माफ करा हं मा पान, याला एवढंच शिकवलंय.’

‘असू दे ऊ चिट,’ दॉ पान योन म्हणाली. ‘उभा राहू दे त्याला. मलापण जरा बसायचंय.’

तिचं तोंड टेकाडाकडं नव्हतं. चोळीवरून, कागदाच्या घडीवरून तिचा तळवा सावकाश फिरत होता. सूच्या कुशीत गोळा पुन्हा झोपला होता. सूनं तिच्या मनगटावरच्या गाठी मोजल्या. सात होत्या. मग तिनं ते मनगट अमेच्या मांडीवर ठेवलं, आणि अमेनं दुसऱ्या हातानं ते धरलं.